पन्नासची की पंचाहत्तरची?

"तिचा थायरॉईड वाढलाय," असं कुणी सांगितलं की सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात चित्र उभं राहतं ते काहीतरी जास्त झाल्याचं. बहुतेक वेळा घडलेलं असतं ते नेमकं उलटं. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं, म्हणजे अवटू ग्रंथीचं, हार्मोन कमी पडत असतं. रिपोर्टात वाढलेला दिसतो तो टीएसएच, आणि तो या ग्रंथीचा नसतोच. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो आणि थायरॉईडला काम करायला लावतो. थायरॉईड मागे पडली की पिट्युटरी तगादा वाढवते आणि टीएसएच चढतो. म्हणजे आकडा वर गेला तर हार्मोन कमी आहे आणि गोळी वाढवावी लागेल. आकडा तळाला गेला तर गोळी जास्त होत असण्याची शक्यता आहे. घरोघरी रुळलेल्या एका शब्दामुळे हा सगळा हिशेब उलटा बसतो. मग "आधीच वाढलाय, त्यात गोळी कशाला" म्हणून डबी बाजूला ठेवून देणारं माणूसही भेटतं.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. भारतातल्या ८ शहरांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात ५,००० हून अधिक प्रौढ होते आणि शहरांत मुंबई आणि गोव्याचाही समावेश होता. या लोकांपैकी १०.९५ टक्क्यांना थायरॉईडची कमतरता आढळली. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना तपासणी होईपर्यंत याची कल्पनाच नव्हती. उपचार मात्र साधा आहे: लेव्होथायरॉक्सिनची रोज एक छोटी गोळी. शरीर स्वतः जे थायरॉक्सिन बनवतं, तेच रासायनिकदृष्ट्या जसंच्या तसं या गोळीत असतं.

एवढं सरळ असूनही डोस मात्र सहज जुळत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९९५ साली एका आरोग्य मेळाव्यात २५,००० हून अधिक लोकांचा टीएसएच तपासला गेला. त्यांच्यात थायरॉईडची गोळी आधीपासून घेणारेही होते आणि त्यांच्यापैकी ४० टक्क्यांचा आकडा मर्यादेबाहेर निघाला, काहींचा वर, काहींचा खाली. रोग ओळखलेला, औषध हाती असलेलं, आणि तरीही दहातले चारजण चुकीच्या डोसवर. हे असं का होतं, याचं उत्तर बऱ्याचदा गोळीत नसतं. ते गोळी कशी घेतली आणि रिपोर्ट कसा वाचला यात असतं.

या उपचाराची सुरुवात झाली मेंढ्यांपासून. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरनं १८९१ साली मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून ४६ वर्षांच्या एका बाईवर उपचार केले. चेहरा सुजलेला, बोलणं जड, हालचाली मंदावलेल्या, अशी तिची अवस्था होती. ती बरी झाली आणि पुढे २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, हा हिशेब खुद्द मरेनंच नंतर मांडला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यानं १९१४ सालच्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिन शुद्ध स्फटिकरूपात वेगळं काढलं. चार्ल्स हॅरिंग्टननं १९२६ साली त्याची रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज बार्जरबरोबर ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं.

औषध हाती आलं, पण मोजपट्टी नव्हती. डॉक्टर नाडी पाहत, वजन पाहत, रुग्णाच्या चेहऱ्याची सूज उतरली का ते पाहत, आणि त्यावरून डोस ठरवत. त्या काळी २०० ते ४०० मायक्रोग्रॅमचे डोस सर्रास दिले जात. रक्तातला टीएसएच मोजण्याची रेडिओइम्युनोअसे पद्धत १९६० च्या दशकात आली आणि मग लक्षात आलं की यातल्या अनेकांना गरजेपेक्षा कितीतरी जास्त हार्मोन मिळत होतं. पुढे डोस उतरत गेले. आज पूर्ण वाढ झालेल्या, ग्रंथी अजिबात काम न करणाऱ्या माणसाला साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतात. म्हणजे ६० किलोच्या बाईला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास. ज्यांची ग्रंथी अजून थोडंफार काम करते त्यांना २५ किंवा ५० पुरतात. म्हणून "शेजारणीला शंभरची आहे, मला पन्नासचीच का" या प्रश्नात तुलनेला काही आधार नाही. दोघींच्या ग्रंथी वेगळ्या.

आता मोजपट्टीकडे. टीएसएचचा प्रौढांसाठीचा सर्वसाधारण पट्टा ०.४ ते ४ असा धरला जातो. लॅबप्रमाणे तो थोडा बदलतो. पण हा आकडा थर्मामीटरसारखा सरळ रेषेत चालत नाही. थायरॉक्सिनमध्ये थोडासा फरक पडला तरी टीएसएचमध्ये तो कितीतरी पटींनी मोठा होऊन दिसतो. रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन, म्हणजे रिपोर्टातलं 'फ्री टी-फोर', निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभरपटीपर्यंत चढू शकतो. म्हणूनच टीएसएच इतका उपयोगी आहे: कमतरतेची चाहूल तो सगळ्यात आधी देतो. पण म्हणूनच त्यातल्या छोट्या चढउतारांना घाबरण्याचं कारण नाही. मागच्या वेळी ३.१ होता, आता ३.९ आहे, म्हणजे आजार बळावला असं होत नाही. आणि ४० वरून २० वर आला म्हणजे काम निम्मं झालं, असंही नाही.

शिवाय हा आकडा घड्याळाप्रमाणे हलतो. टीएसएच मध्यरात्रीनंतर सगळ्यात वर असतो आणि दुपारी सगळ्यात खाली. एकाच माणसाचा सकाळी ८ चा आणि दुपारी ३ चा आकडा यांत बराच फरक पडू शकतो. समजा एका बाईचा मागच्या वर्षीचा नमुना ऑफिसमधल्या शिबिरात दुपारी घेतला होता आणि या वर्षी तो लॅबकडून घरी येणाऱ्या मुलानं सकाळी ७ वाजता घेतला. आधी ३.६, आता ५.१. ग्रंथीत काहीच बदललेलं नसेल, बदललेली असेल ती फक्त वेळ. दर वेळी तीच लॅब आणि साधारण तीच वेळ ठेवली तर अशी कितीतरी फसगत टळते.

डोस बदलल्यावर पुन्हा तपासणी कधी करायची, हा सगळ्यात जास्त चुकणारा मुद्दा. रक्तातल्या थायरॉक्सिनचं निम्मं प्रमाण संपायला साधारण ७ दिवस लागतात. त्यामुळे नवा डोस रक्तात स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि पिट्युटरीला त्या नव्या पातळीशी जुळवून घ्यायला आणखी थोडे दिवस. म्हणून ६ ते ८ आठवडे थांबायचं. पंधराव्या दिवशी केलेल्या तपासणीत दिसतो तो वाटेवरचा आकडा. त्यावर डोस पुन्हा वाढवला तर महिन्या-दोन महिन्यांनी टीएसएच तळाला जातो, मग घाबरून डोस निम्मा केला जातो, आणि पुढच्या वेळी आकडा वर उसळतो. अशा हिंदोळ्यावर वर्षानुवर्षं राहिलेले रुग्ण डॉक्टरांना नेहमी भेटतात. त्यांची ग्रंथी अवघड नसते. त्यांना थांबायला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

या संथपणाचा फायदाही आहे. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी आठवलं की डॉक्टरांनी आधी सांगितलं असेल त्याप्रमाणे राहिलेली गोळी घेता येते. निर्जळी उपवासाच्या दिवशी सकाळची गोळी चुकली म्हणून जीव टांगणीला लावायला नको. आणि पन्नासची कमी पडते, पंचाहत्तरची जास्त होते, अशा माणसाला एक दिवस पन्नासची आणि एक दिवस पंचाहत्तरची असा डोसही देता येतो, कारण शरीर आठवड्याची बेरीज पाहतं. बाजारात ६२.५, ८८, ११२ असे मधले आकडेही मिळतात.

पण याच संथपणाची एक दुसरी बाजू आहे. वर्षभर गोळ्या अधूनमधून घेतल्या, आणि तपासणी ठरल्यावर शेवटचे सात-आठ दिवस नेमानं घेतल्या, तर रिपोर्टात फ्री टी-फोर चांगला दिसतो आणि टीएसएच मात्र वरच असतो. डॉक्टरांना हे चित्र ओळखीचं असतं. अशा वेळी डोस वाढवून काही साधत नाही. इथे रागावण्यापेक्षा विचारणं महत्त्वाचं: गोळी कधी राहते, का राहते, डबी कुठे असते. उत्तर बऱ्याचदा साधं असतं. पाहुणे आले, प्रवास झाला, मुलांच्या परीक्षा होत्या, आणि घरातल्या सगळ्यांचं करता करता स्वतःची गोळी तेवढी राहून गेली.

खरी गंमत आहे ती स्वयंपाकघरात. ही गोळी आतड्यात पूर्ण शोषली जात नाही. अनशापोटी घेतली तरी साधारण ६० ते ८० टक्के. पोटात दुसरं काही असेल तर हा वाटा आणखी घसरतो. म्हणून सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर गोळी, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा नाही. मराठी घरात सगळ्यात कठीण जातो तो हा तासभराचा चहा. दुधातलं कॅल्शियम गोळीला अडवतं. कॉफीही तेच करते. इटलीतल्या डॉक्टरांनी २००८ साली असे रुग्ण नोंदवले होते ज्यांचा टीएसएच काही केल्या उतरत नव्हता, आणि कारण निघालं सकाळच्या एस्प्रेसोबरोबर गिळलेली गोळी. कॉफी आणि गोळी यांच्यात अंतर पडलं तसा आकडा खाली आला.

कॅल्शियमच्या गोळीचं प्रकरण याहून मोठं, कारण चाळिशीनंतर ती घराघरांत असते. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थायरॉक्सिनवर स्थिर असलेल्या २० रुग्णांना ३ महिने रोज कॅल्शियम कार्बोनेट दिलं, तेही थायरॉईडच्या गोळीबरोबरच. त्यांचा सरासरी टीएसएच १.६ वरून २.७ वर गेला आणि कॅल्शियम थांबवल्यावर परत खाली आला. लोहाच्या गोळीचंही तसंच. दोन्हींच्या आणि थायरॉईडच्या गोळीच्या मध्ये किमान ४ तास हवेत. पित्तासाठी रोज घेतली जाणारी पॅन्टोप्रॅझोलसारखी औषधं पोटातलं आम्ल कमी करतात आणि गोळी विरघळायला त्रास होतो. सोयाबीनचं पीठ, सोयाचं दूध यांचाही परिणाम दिसतो. म्हणून टीएसएच अचानक वर आला तर डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी विचारायला हवं आणि रुग्णानं सांगायला हवं, की गेल्या दोन-तीन महिन्यांत ताटात आणि औषधांच्या डब्यात नवं काय आलं.

ज्यांना सकाळी अंतर ठेवणं जमतच नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे आणि तो भारतात पुरेसा सांगितला जात नाही. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९० रुग्णांना ३ महिने सकाळी आणि ३ महिने रात्री झोपताना गोळी दिली गेली. कोणत्या वेळी खरी गोळी आणि कोणत्या वेळी नुसती नावाची, हे त्यांना माहीत नव्हतं. रात्रीच्या गोळीनं थायरॉक्सिनची पातळी वाढली आणि टीएसएच खाली आला. अट एकच, रात्रीचं जेवण होऊन तीन-एक तास झालेले असावेत. पहाटे डबे करून लोकल गाठणाऱ्या बाईला हे कदाचित जास्त सोयीचं पडेल. वेळ बदलली तर ६ ते ८ आठवड्यांनी आकडा पुन्हा पाहायचा, कारण त्याच डोसचा परिणाम वाढलेला असू शकतो.

आता असं एक जीवनसत्त्व जे आजारात काही बिघडवत नाही, पण रिपोर्ट बिघडवतं: बायोटिन. केस गळतात म्हणून ते घेतलं जातं, आणि थायरॉईड कमी असताना केस गळतातच, त्यामुळे या दोन गोळ्यांची गाठ हमखास पडते. शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. केसांसाठीच्या गोळ्यांत १०,००० मायक्रोग्रॅमसुद्धा असतं. अनेक लॅबमधल्या यंत्रांची तपासणीपद्धत बायोटिनच्याच रासायनिक जोडणीवर उभी आहे. रक्तात ते भरमसाट असलं की यंत्र फसतं: टीएसएच खोटा कमी दिसतो, आणि टी-थ्री आणि टी-फोर ही थायरॉईडची हार्मोन्स खोटी जास्त. कागदावर हुबेहूब जास्त हार्मोन झाल्याचं चित्र तयार होतं आणि ज्याला खरं तर गोळी हवी आहे त्याची गोळी कमी केली जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. तपासणीआधी निदान दोन दिवस, डोस मोठा असेल तर आणखी जास्त दिवस, बायोटिन बंद ठेवायचं आणि लॅबमध्ये तसं सांगायचं.

तपासणीच्या दिवशी थायरॉईडची गोळी घ्यावी की नाही, यावर घरोघरी मतभेद असतात. टीएसएचवर त्या एका गोळीचा परिणाम होत नाही. फ्री टी-फोर मात्र गोळीनंतरच्या काही तासांत चढतो. तो पाहायचा असेल तर रक्त देऊन मग गोळी घेणं बरं. ताप, न्यूमोनिया, मोठं ऑपरेशन, दवाखान्यातला मुक्काम, अशा काळात थायरॉईडचे सगळेच आकडे विस्कटतात. त्यावरून आयुष्यभराचा डोस ठरवू नये. आणि अँटी-टीपीओ नावाची प्रतिपिंडांची तपासणी एकदा पॉझिटिव्ह आली की पुरे. ती दर सहा महिन्यांनी करून डोस ठरत नाही, खर्च तेवढा होतो.

कोणत्या आकड्याला गोळी सुरू करायची, यावर गेल्या काही वर्षांत वैद्यकाचं मत बरंच बदललं. टीएसएच थोडा वर आहे आणि फ्री टी-फोर ठीक आहे, अशी अवस्था फार लोकांत आढळते. वर सांगितलेल्या भारतीय पाहणीत ती ८ टक्क्यांच्या आसपास होती. युरोपातल्या 'ट्रस्ट' नावाच्या चाचणीत ६५ वर्षांवरच्या अशा ७३७ जणांपैकी निम्म्यांना थायरॉक्सिन दिलं, निम्म्यांना नुसती नावाची गोळी. वर्षभरानंतर थकवा आणि इतर तक्रारी दोन्ही गटांत सारख्याच राहिल्या. हा निष्कर्ष २०१७ साली आला. वयाबरोबर टीएसएच थोडा वर सरकतो, हेही आता नीट माहीत झालं आहे. पंचाहत्तरीच्या आजोबांचा ५.८ आणि पंचविशीतल्या सुनेचा ५.८ हे दोन वेगळे आकडे आहेत. आजोबांच्या बाबतीत दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजून पाहणं हाच बहुधा योग्य उपचार ठरतो. टीएसएच १० च्या वर गेला की मात्र बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात.

गोळी जास्त होण्याचे धोके लपलेले असतात. सुरुवातीला माणसाला उलट तरतरी वाटते, वजनही थोडं उतरतं, त्यामुळे तक्रार करावीशी वाटत नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या साठीपुढच्या दोन हजार माणसांवर १० वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून खाली होता त्यांच्यातल्या २८ टक्क्यांना हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता झाली. ज्यांचा टीएसएच ठीक होता त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्के. ही अनियमितता पक्षाघाताला आमंत्रण देते. पाळी थांबलेल्या बायकांची हाडंही अशा डोसनं झिजतात. वजन कमी करायला म्हणून थायरॉईडची गोळी वाढवून मागणाऱ्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं पाहिजे. वयस्क आणि हृदयरोगी माणसांत तर सुरुवातच १२.५ किंवा २५ नं करतात आणि जपून चढतात. थायरॉईडच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेले काही रुग्ण याला अपवाद. त्यांचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात आणि किती खाली, ते परत आजार उलटण्याच्या शक्यतेवर ठरतं.

गरोदरपण ही मात्र अशी वेळ आहे जिथे थांबून चालत नाही. पोटातल्या बाळाची ग्रंथी कामाला लागायला तीन महिने तरी लागतात. तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर होते. बोस्टनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोळी घेणाऱ्या गरोदर बायकांची गरज सरासरी ४७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि ही वाढ पाचव्या आठवड्यापासूनच सुरू झालेली होती. पाचवा आठवडा म्हणजे अनेकींना दिवस राहिल्याची खात्रीही झालेली नसते. म्हणून आधीच गोळी चालू असलेल्या बाईशी डॉक्टरांनी दिवस राहण्याआधीच बोलून ठेवावं: पाळी चुकली आणि चाचणी पॉझिटिव्ह आली की आठवड्यातून दोन गोळ्या जास्त घ्यायला लागायचं आणि लगेच तपासणीला यायचं. पुढे अर्धे दिवस सरेपर्यंत दर ४ आठवड्यांनी टीएसएच. बाळंतपणानंतर डोस पुन्हा आधीच्या आकड्यावर.

इथे एक अडचण आपल्याकडे हमखास येते. गरज सगळ्यात जास्त असते नेमक्या त्याच महिन्यांत गरोदर बाईला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात. आशाताई देतात, सरकारी दवाखाना देतो, खासगी डॉक्टरही देतात, आणि त्या घ्यायलाच हव्यात. पण सगळ्या गोळ्या एकाच वेळी, एकाच घोटात घेतल्या तर थायरॉक्सिनचा मोठा वाटा वाया जातो. सकाळी थायरॉईडची, दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियमची, रात्री लोहाची, एवढं एका चिठ्ठीवर लिहून दिलं तरी काम होतं. सासू, आई, नवरा, ज्यांच्या हातात त्या घरातलं औषधपाणी असेल त्यांनाही ही चिठ्ठी वाचून दाखवावी.

जन्मतःच ग्रंथी नसलेल्या किंवा अपुरी असलेल्या बाळाला तर किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम लागतात, मोठ्या माणसाच्या कितीतरी पट. ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर मूल इतरांसारखंच वाढतं. उशीर झाला तर बुद्धीचं नुकसान भरून येत नाही. गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात देतात. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर ग्रंथीची ही उणीव कळते. प्रत्येक प्रसूतिगृहात ही तपासणी व्हायला हवी, आणि ती अजून होत नाही, ही खंत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

टीएसएच स्वतःच दिशाभूल करतो अशी एक अवस्था आहे आणि ती ओळखली नाही तर जिवावर बेतू शकते. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला तर पिट्युटरीलाच इजा होऊ शकते. हॅरोल्ड शीहान या इंग्रज डॉक्टरनं १९३७ साली याचं वर्णन केलं. अशा बाईला अंगावर दूध येत नाही, पाळी परतत नाही, वर्षानुवर्षं थकवा राहतो. पिट्युटरीच गप्प असल्यामुळे थायरॉईड कमी असूनही टीएसएच वर जात नाही. रिपोर्टवर नुसता टीएसएच पाहणारा म्हणतो, सगळं ठीक आहे. इथे डोस ठरतो तो फ्री टी-फोर पाहून. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधी कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन तपासावं लागतं. ते कमी असताना थायरॉक्सिन आधी दिलं तर रुग्ण कोसळू शकतो. घरी झालेल्या अवघड बाळंतपणांच्या हकिकती ज्या भागांत अजून ऐकू येतात, तिथल्या डॉक्टरांनी हा प्रश्न विचारायला विसरू नये.

गोळीची कंपनी बदलली तर चालतं का? या प्रश्नावर फ्रान्समध्ये २०१७ साली देश ढवळून निघाला. तिथे सुमारे ३० लाख लोक लेव्होथायरॉक्स नावाची गोळी घेत होते. मार्च महिन्यात कंपनीनं गोळीतला लॅक्टोज काढून त्या जागी मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घातलं. औषध तेच, मात्रा तीच, आणि बदल झाला तो गोळी जास्त काळ टिकावी यासाठी. हजारो लोकांनी तक्रारी केल्या: थकवा, चक्कर, केस गळणं, पायांत गोळे. जुनी गोळी परत आणा म्हणून तीन लाखांवर सह्या झाल्या आणि सरकारला ती परदेशातून आणवावी लागली. पुढे वीस लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर गंभीर आजार वाढल्याचं दिसलं नाही. पण दुसऱ्या एका विश्लेषणात असं निघालं की सरासरी सारखी असली तरी तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींमध्ये नव्या आणि जुन्या गोळीचं शोषण ठरलेल्या पट्ट्याबाहेर वेगळं होतं. लिऑनच्या न्यायालयानं २०२० साली भरपाईचा निकाल दिला तो गोळी घातक ठरवून नव्हे, तर बदलाची नीट माहिती लोकांना दिली नाही म्हणून. भारतात दुकानदार "ही नाही, ही घ्या, तीच आहे" म्हणतो तेव्हा या प्रकरणाची आठवण ठेवलेली बरी. ब्रँड बदलायला हरकत नाही. तो बदलला हे डॉक्टरांना सांगावं आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पाहावा.

सगळं बरोबर करूनही, टीएसएच २ वर स्थिर असूनही, काही लोकांना बरं वाटत नाही. त्यांना "रिपोर्ट नॉर्मल आहे" एवढं सांगून घरी पाठवणं हा अन्याय आहे. आधी इतर कारणं शोधायला हवीत: रक्तक्षय, ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य. डोस किंचित वाढवून बरं वाटेल का, हेही तपासून झालं आहे. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये १३८ रुग्णांचे डोस त्यांना न सांगता बदलले आणि टीएसएच वेगवेगळ्या पातळ्यांवर नेला. मनःस्थिती, स्मरण, उत्साह यांत फरक दिसला नाही. मात्र ज्या डोसला रुग्ण स्वतः 'जास्त' समजत होते, तोच त्यांना आवडला, मग तो प्रत्यक्षात जास्त असो वा नसो.

उरतो तो टी-थ्रीचा प्रश्न. शरीरात थायरॉक्सिनचं रूपांतर टी-थ्रीमध्ये होतं आणि पेशींवर मुख्य काम तेच करतं. मग दोन्ही का देऊ नयेत? लिथुआनियातल्या ३३ रुग्णांवरच्या अभ्यासात १९९९ साली फायदा दिसला आणि मोठी आशा निर्माण झाली. नंतरच्या ११ चाचण्या, म्हणजे १,२१६ रुग्ण, एकत्र पाहिल्यावर २००६ साली ती टिकली नाही. पण रूपांतर करणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात ठरावीक फरक असलेल्या थोड्या लोकांना दोन्ही औषधांनी बरं वाटल्याचं २००९ साली ब्रिटनमधल्या ५५२ जणांच्या पाहणीत दिसलं, त्यामुळे दार पूर्ण बंद झालेलं नाही. युरोपातल्या थायरॉईडतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ साली घेतलेली भूमिका अशी: थायरॉक्सिनवर आकडा ठीक असूनही त्रास कायम असेल, इतर कारणं तपासून झाली असतील, बाई गरोदर नसेल आणि हृदयाचे ठोके नियमित असतील, तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दोन्ही औषधं करून पाहावीत. टी-थ्री रक्तात दिवसभरच टिकतं, म्हणून ते एकदम न देता दोन वेळांत विभागून द्यावं, आणि रक्त सकाळच्या गोळीआधी घ्यावं. ३ महिन्यांत फरक पडला नाही तर ते बंद करून पुन्हा एकट्या थायरॉक्सिनवर यावं.